चाळीस ओव्या

परवा आमच्या दवाखान्यात माणिकराव डॉक्टरांचा फोटो लावला. हार, उदबत्ती, भाड्याच्या खुर्च्या, सगळं साग्रसंगीत. फोटोखाली सोनेरी अक्षरांत नाव आणि नावापुढं डॉक्टरीची पदवी. 'ऋषितुल्य' हा शब्द चार वक्त्यांनी वापरला. मलाही बोलायला उभं केलं, कारण त्यांना जवळून पाहिलेला आणि अजून धड बोलता येणारा माणूस गावात मीच उरलोय. मी उठलो, 'डॉक्टर फार थोर होते' असं काहीतरी पुटपुटलो आणि बसलो. घरी येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. ऋषितुल्य म्हणे! त्या माणसाच्या तोंडात सकाळी चूळ भरल्यापासून शिव्या असायच्या. आणि आज जिला सोन्याचा मुलामा दिलाय त्या पदवीची याच दवाखान्यात टिंगल झाली होती. ती झाली तेव्हा मी तिथंच, टेबलाशी, हातात टाक घेऊन बसलो होतो. हे मात्र सभेत कुणी बोललं नाही, मीही नाही.

आमचं गाव परभणीहून सेलूकडं जाताना लागतं. स्टेशनाच्या अंगाला सरकारी दवाखाना आणि त्याला लागून माझी शाळा. मधे एकच भिंत. मी इकडून पाढे म्हणून घ्यायचो आणि भिंतीपलीकडून डॉक्टरांचा आवाज यायचा, "बेअक्कल! परत सांग!" पोरं पाढा विसरून तिकडं कान लावायची. एकदा एका पोरानं मला विचारलं, "गुरुजी, तिकडं दुसरी शाळा हाय का?" मी त्याला गप्प बसवलं, पण त्याचं खरंच होतं.

डॉक्टर बुटके, रुंद मानेचे. भर वैशाखातही काळी शेरवानी गळ्याच्या गुंडीपर्यंत लावलेली आणि खिशात साखळीचं घड्याळ. शिकले हैदराबादला, तेही उर्दूतून. बोलायचे मात्र आपल्या गंगाखेडकडच्या बोलीत. कलेक्टर येवो नाहीतर गुराखी, भाषा तीच आणि आवाजही तोच.

त्यांच्या दवाखान्याची एक रीत होती, तिला ते 'सबक' म्हणायचे, म्हणजे धडा. रोग्याबरोबर आलेल्या माणसानं तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय औषधाची बाटली हातात पडायची नाही. काय झालंय? कशानं झालंय? आता घरी जाऊन काय करायचं? डॉक्टर आधी सगळं समजावून सांगायचे आणि मग म्हणायचे, "आता तुमी मला सांगा." चुकलं की माणूस रांगेच्या शेवटी. एकदा वालूरकडचे एक देशमुख टांगा जोडून आले. नातवाला हगवण लागलेली. त्यांच्या पुढं त्यांच्याच शेतावर राबणारी एक बाई होती. तिनं धडाधड सबक म्हटला आणि बाटली घेऊन निघाली. देशमुखांना विहिरीच्या पाण्याचा आणि हगवणीचा संबंध काही सांगता येईना.

"अहो, दवा द्या, सबक राहू द्या," देशमुख म्हणाले.

"दवा लेकराला लागंल तवा लागंल. अक्कल आधी तुमाला लागती. जावा, मागं बसा."

देशमुख दोन वेळा मागं बसले. तिसऱ्या वेळी बरोबर सांगितलं, बाटली घेतली आणि परभणीला तक्रार केली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी विहिरीला कठडा बांधला, तक्रार मात्र मागं घेतली नाही.

मी एकदा दुपारच्या सुटीत त्यांना म्हटलं, "डॉक्टर, अशिक्षित लोकांचा एवढा छळ कशाला? औषध द्यावं आणि मोकळं व्हावं." ते माझ्यावर असे काही उखडले की मी चहाची कपबशी खाली ठेवली. मग त्यांनी मला स्वतःच्या परीक्षेची हकिगत सांगितली. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण कालच झाल्यासारखे संतापलेले होते.

"आखरी इम्तहान होतं, मास्तर. मी सगळे जवाब दिले, खाडखाड. तशरीह म्हणजे शरीराची रचना, ती आली. दवा आल्या. माझा उस्ताद बुढा माणूस, पान खायाचा. शाब्बास म्हणला. म्हणला, आता त्या खाटंवरच्या लेकराच्या आईला सांग, तिच्या लेकराला काय झालंय. बाई आपल्याच मुलखातली होती, माझ्याच बोलीतली. अन् मला एक शब्द सुचंना! सगळं किताबातलं, किताबाच्या जबानीत. ती बाई नुसती माझ्या तोंडाकडं बघायली. बुढ्ढ्यानं मला नापास केलं. म्हणला, सहा महिने वार्डात आयांपाशी बस. जे त्यांना सांगता येत न्हाई, ते तुला येतच न्हाई."

"मग?"

"मग काय? बसलो. लय शिव्या दिल्या त्याला मनात. आता रोज सलाम करतो." आणि पुन्हा रांगेकडं वळून ओरडले, "कोण हाय पुढं?"

अठ्ठेचाळीस साली पोलिस ॲक्शन झाली, निजामी गेली आणि गावात उर्दूचा राग उसळला. राग का होता ते मला माहीत आहे, आमच्या लोकांनी रझाकारांचे दिवस भोगले होते. पण राग काढायला सोपी जागा शोधण्यात आम्ही पटाईत. दवाखान्याच्या पाटीवर कुणी डांबर फासलं. चार-सहा जण आत शिरले आणि डॉक्टरांच्या शिकतानाच्या वह्या जाळायला मागू लागले, कारण त्या उर्दूत होत्या. डॉक्टरांनी एक वही उघडून त्यांच्यासमोर धरली. तिच्यात लाल-निळ्या शाईनं माणसाचं काळीज काढलेलं होतं.

"हे तुझ्या बापाचं काळीज हाय. त्याच्यावर नाव कोणत्या अक्षरात लिवलंय ते काळजाला ठावं न्हाई. जाळायचं तर जाळ. पण आधी हे कसं चालतंय ते मला मराठीत सांग."

कुणालाच सांगता येईना. डॉक्टरांनी त्यांना ओट्यावर बसवून घेतलं आणि अर्धा तास काळजाचा सबक दिला. मग स्वतः डांबर खरवडून मराठीत नवी पाटी लिहिली. त्यांचं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मी ती पाटी दुसऱ्यांदा लिहून दिली.

त्यांचा खरा संताप होता तो एका विळ्यावर. गावोगाव बाळाची नाळ विळ्यानं कापायची आणि वर राख नाहीतर शेण लावायचं ही पद्धत. सातव्या-आठव्या दिवशी लेकराचं तोंड मिटायचं, दूध घेता येईना, अंग कमानीगत वाकायचं आणि खेळ खलास. लोक म्हणायचे, सटवाईनं नेलं. डॉक्टर म्हणायचे, विळ्यानं नेलं. म्हणून त्यांनी सुइणींचा वर्ग काढला. पेडगावहून, वालूरच्या बाजूनं अकरा बाया यायच्या. बहुतेक मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या. त्यांना दवाखान्याच्या ओसरीवर बसवलं म्हणून गावानं कुरबुर केली, तेव्हा डॉक्टरांनी ओसरीवरच्या एकुलत्या एका खुर्चीलाच बाहेर काढलं आणि स्वतः खाली बसले.

शिकवायचं होतं ते थोडंच. नखं कापा, साबणानं हात धुवा, नवं ब्लेडचं पातं आणि दोरा पाण्यात उकळा, नाळेला काही लावू नका. अडलं ते एका ठिकाणी. किती वेळ उकळायचं? वीस मिनिटं. पण मिनिट म्हणजे काय? अकरा जणींपैकी एकीच्याही घरी घड्याळ नाही. डॉक्टर दोन दिवस चिडचिड करत फिरले. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली.

"मास्तर, या बाया जात्यावर रोज काय म्हणतेत?"

"ओव्या."

"मग घड्याळ हायच की त्यांच्यापाशी! आपुनच गाढव."

त्या दुपारी ओसरीवर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांना प्रत्येक बाईची ओवी किती वेळ चालते ते मोजायचं होतं. पण परक्या बाप्यासमोर बाया गाईनात. पदर तोंडावर आणि खुदूखुदू हसणं. शेवटी डॉक्टर भिंतीकडं तोंड करून बसले, पाठ बायांकडं, हातात उघडं घड्याळ. मलाही तसंच बसवलं, कागद-पेन्सिल देऊन. मग पेडगावच्या गयाबाईनं सुरुवात केली. उंच, काळीसावळी, पन्नाशीची बाई, आवाज पितळेच्या भांड्यासारखा. तिच्यामागून एकेक जण मोकळी झाली. डॉक्टर भिंतीशी बोलल्यासारखं वेळ सांगायचे आणि मी लिहायचो. कुणी घाईची, कुणी रेंगाळणारी. डॉक्टरांनी सगळ्यात घाईची बाई धरली. तिच्या चाळीस ओव्यांना वीस मिनिटं आणि थोडं वर लागत होतं.

"चाळीस," ते म्हणाले. "हळू गाणारीचं पातं जास्त उकळंल. जास्त उकळल्यानं पातं मरत न्हाई, कमी उकळल्यानं लेकरू मरतंय."

प्रत्येकीच्या पत्र्याच्या डब्यात साबण, पातं, दोरा आणि ज्वारीचे चाळीस दाणे. पाण्याला कढ आला की ओवी सुरू, एक ओवी झाली की एक दाणा सुपाच्या या कडेवरून त्या कडेला. गयाबाईनं शेवटच्या दाण्यासाठी स्वतःची ओवी रचली.

"उकळत्या पाण्यामंदी पातं माझं गं न्हातं
येणाऱ्या बाळाजीची वाट मोकळी करीतं."

डॉक्टरांनी ती दोनदा म्हणायला लावली. तोंड भिंतीकडंच होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

माझी मुलगी जन्मली तेव्हा डॉक्टर परभणीला गेलेले. गयाबाई तेव्हा गावातच एका बाळंतिणीकडं आलेली होती, तिला बोलावलं. माझी आई दारात आडवी उभी, मांगाची बाई घरात कशी घ्यायची म्हणून. गयाबाई भांडली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आक्का, मी हात धुस्तोवर तुमी हे पातं चुलीवर ठेवून बसा अन् कढ आला की चाळीस ओव्या म्हणा. मदी थांबू नगा." आईनं आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. पण आतून माझ्या बायकोचं कण्हणं ऐकू येत होतं. आई चुलीपाशी बसली आणि गायला लागली, दाणे सरकवत. चाळीस झाल्या आणि गयाबाई आत गेली. पोरगी धडधाकट. आज तिला नातवंडं आहेत.

हे सगळं मला माहीत होतं. ओव्या मोजताना कागद माझ्या हातात होता, माझ्या घरात त्या गायल्या गेल्या होत्या. आता पुढचं ऐका.

छपन्न साली आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि दोन-एक वर्षांनी सुइणींची परीक्षा घ्यायला पुण्याकडचे एक साहेब आले. नवा नियम होता, जी पास होईल तिलाच डबा आणि परवाना. साहेब दुष्ट नव्हते, हे लिहायला हवं. दुष्ट असते तर बरं झालं असतं, निदान सगळं त्यांच्या माथी मारता आलं असतं. स्वच्छ, मृदू बोलणारे, बायांनाही अहो-जाहो करणारे. नियमाप्रमाणे शिकवणाऱ्यानं परीक्षेच्या खोलीत थांबायचं नव्हतं. डॉक्टर बाहेर येरझाऱ्या घालत होते. बायांना लिहिता येत नाही म्हणून त्यांची उत्तरं छापील कागदावर उतरवायला गावातला शिकलेला माणूस हवा होता. तो मी.

पहिली गयाबाई. हात कसे धुवायचे ते तिनं सांगितलं. नाळ कशी बांधायची ते पदराच्या टोकावर करून दाखवलं. साहेब खूश होते.

"पातं किती मिनिटं उकळायचं?"

"चाळीस ओव्या."

"मी मिनिटं विचारतोय, बाई."

"मिंट न्हाई ठावं, सायेब. कढ आला की चाळीस ओव्या. हे काय, दाणे हायेत की माझ्यापाशी." आणि तिनं पुरचुंडी सोडून ज्वारीचे दाणे टेबलावर ओतले.

साहेबांनी दाण्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मास्तर, काय म्हणतायत या?"

कागदावर एक चौकट होती, तिच्यावर छापलं होतं 'मिनिटे'. मला एवढंच म्हणायचं होतं, 'साहेब, ती वीस मिनिटंच होतात.' पाच शब्द. पण माझी नोकरी निजामी काळातली, नव्या राज्यात कायम व्हायची होती. पुण्याच्या साहेबासमोर मला जात्यावरच्या बायांच्या बाजूचा दिसायचं नव्हतं. शिकलेल्यांच्या बाजूचा दिसायचं होतं. मी हसलो. हसून म्हणालो, "अडाणी आहेत, साहेब. गाण्याबिण्याचं काहीतरी सांगतायत."

गयाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी चौकटीत रेघ ओढली.

अकराही जणींनी तेच उत्तर दिलं. डॉक्टरांनी पढवलंच होतं तसं पक्कं. अकरा चौकटींत मी अकरा रेघा ओढल्या आणि साहेबांच्या सांगण्यावरून प्रत्येक कागदावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'नापास'.

निकाल ऐकून डॉक्टर दार ढकलून आत आले. खिशातलं घड्याळ काढून टेबलावर आपटलं. "लावा वेळ. बाया गातेत. वीस मिंटाच्या आत एकीच्या जरी चाळीस झाल्या तर माझी नोकरी घ्या."

साहेबांनी मनगटाकडं पाहिलं. "डॉक्टर, मला सव्वाचारची गाडी आहे." मग समजूत घालण्याच्या सुरात म्हणाले, "हे पाहा, शास्त्र शास्त्राच्या मापानंच शिकवायला हवं. तुमचं शिक्षण उर्दूतलं, तेव्हा नव्या पद्धतीची कल्पना नसणार. आमच्याकडे सहा महिन्यांचा वर्ग असतो, मी तुमचं नाव सुचवतो."

दारात गावचे दोन पुढारी उभे होते. ते फिसकन हसले. "उर्दू डाक्टर, ओवी छाप," एक जण म्हणाला. परवा फोटोला हार घातला तो त्याचाच नातू.

डॉक्टर त्यांच्याकडं वळलेसुद्धा नाहीत. साहेबांना म्हणाले, "माझ्या उस्तादानं मला नापास केलं, कारण मला एका आईला समजंल असं सांगता येत न्हवतं. तुमी या बायांना नापास करायलाव, कारण त्यांचं तुमाला समजंना. सहा महिने वर्गात कुणी बसायचं, सांगा."

साहेबांनी कागद पिशवीत भरले. सव्वाचारची गाडी त्यांना मिळाली. बायांचे अकरा डबे काढून घेऊन कोठीत एकावर एक रचून ठेवले गेले.

दिवेलागणीच्या आधी डॉक्टर माझ्या घरी आले. माझी मुलगी ओट्यावर चिंचोके खेळत होती. ते बसले नाहीत.

"मास्तर, सबक सांगा. ह्या पोरीची नाळ कुणी कापली?"

"गयाबाईनं."

"कशानं?"

"उकळलेल्या पात्यानं."

"किती वेळ उकळलं?"

"चाळीस ओव्या."

"कागदावर काय लिवलं?"

शिव्यांची वाट पाहत मान खाली घालून उभा राहिलो. ते म्हणाले, "बसा." मी रोज पन्नास पोरांना हा शब्द म्हणायचो, ज्यांना उत्तर येत नाही त्यांना. मी खरंच बसलो. ते निघून गेले.

दोनेक महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. पूर्णेकडच्या गाडीनं ते जाणार होते. स्टेशनावर गावातलं कुणी नव्हतं. मी कसा गेलो ते माझं मला माहीत, आणि पाण्याच्या कोठीजवळ लांबच उभा राहिलो. एक ट्रंक, एक वळकटी आणि वह्यांचं गाठोडं. पेडगावहून गयाबाई तेवढी चालत आली होती.

"आता कसं करतीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोलवंनात आता कोणी."

"डबा न्हाई म्हणून?"

"डब्याचं काय, पातं दुकानात मिळतंय. नापास हाय म्हणतेत. मास्तरानं कागदावर लिवलंय म्हणतेत." मी तिथं उभा आहे हे तिला दिसत होतं. तिनं आवाज चढवला नाही की उतरवला नाही. "माझ्याच आळीत एका घरची धाकली सून बाळंत झाली, डाक्टर. मी दारात गेले. सासू म्हणली, तुला सरकारनं काढलंय, तू नगं. विळ्यानं कापली. मी भाईर हुबी. आठव्या दिशी लेकराचं तोंड मिटलं."

गाडी आली. डॉक्टर आता तरी ओरडतील, मला, गयाबाईला, सरकारला, कुणाला तरी शिवी देतील असं मला वाटत होतं. त्यांनी ती द्यावी म्हणून मी तिथं गेलो होतो. त्यांनी हमालाला खूण केली. हमालानं सामान चढवलं. डॉक्टर डब्यात चढले आणि पलीकडच्या खिडकीकडं तोंड करून बसले. काळ्या शेरवानीतली ती रुंद पाठ प्लॅटफॉर्मकडं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच होती. त्या दुपारी ओसरीवर त्यांनी अशीच पाठ केली होती, बायांना लाज वाटू नये म्हणून. या वेळी ती माझ्याकडं होती.

नोकरी माझी कायम झाली. परवाच्या फोटोत डॉक्टरांचं तोंड समोर आहे, सगळ्यांकडं बघतायत असं. भाषण संपवून मी त्या फोटोखालच्याच खुर्चीवर बसलो होतो.